लोणावळ्यातील खोलीचा भाव ठरवणार कोण?

पावसाळ्यात भुशी धरणाकडे वाहनांची रांग लागली की लोणावळा-खंडाळ्यातील हॉटेलमालकाला हंगाम साधल्याचे समाधान वाटते. खोलीचा भाव मात्र पूर्णतः त्याच्या हाती असतोच असे नाही. समजा, आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर खोली ३,००० रुपयांना आहे आणि कमिशन २० टक्के. मालकाच्या पदरी २,४०० पडतात. स्वतःच्या संकेतस्थळावर तीच खोली २,७०० रुपयांना दिली, तर मालक व प्रवासी दोघांचेही हित साधते. करारातील ‘समान भावा’ची अट नेमके हेच रोखते. कमी कमिशन घेणाऱ्या नव्या कंपनीचीही त्यात कोंडी होते, कारण तिला ग्राहकाला स्वस्त भाव दाखवताच येत नाही.

हॉटेल व्यावसायिकांच्या राष्ट्रीय महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी निर्णय दिला. मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी, तर ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड झाला. ट्रीबो व फॅबहॉटेल्स यांना संकेतस्थळावरून वगळल्याचाही ठपका होता. २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणाला दोष देत नाही, वर्चस्वाच्या दुरुपयोगाला देतो. म्हणूनच दंडापेक्षा महत्त्वाचा ठरतो तो मेकमायट्रिपला करारांतून समानतेच्या अटी काढण्यास सांगणारा आदेश. पुढे प्रकरण अपिलात गेले.

दहा-बारा खोल्यांच्या मालकाने कोणत्याही कंपनीशी करार करताना सहीपूर्वी हे कलम अवश्य शोधावे. नजर सहसा कमिशनच्या आकड्यावरच खिळून राहते.