ओटा गेला, झोप गेली

"डॉक्टर, गोळी जरा जोराची द्या. या गोळीनं डोळाच लागत नाही बघा."

समोरच्या स्टुलावर बसलेल्या आजी सांगत होत्या. वय सत्तरीच्या पुढे. रक्तदाब ठीक, साखर आटोक्यात, हिमोग्लोबिन चांगले, ई.सी.जी.मध्ये काही दोष नाही. तक्रारींची यादी मात्र लांबलचक. झोप नाही, पोट साफ होत नाही, गुडघे धरतात, छातीत धडधडते आणि कशातच मन लागत नाही. या आजींना मी तीस वर्षे ओळखतो. पूर्वी वर्षाकाठी एखाद्या वेळी सर्दी-खोकल्यासाठी यायच्या, तेही मंडईतून परतताना, हातात भाजीची पिशवी घेऊन. गेल्या वर्षभरात मात्र महिन्यातून दोनदा येऊ लागल्या होत्या.

मी झोपेची गोळी लिहून दिली. दवाखान्यात गर्दी होती, तपासण्या नॉर्मल होत्या, वय झाले होते. पुढे काही विचारावे असे मला वाटले नाही. तीन आठवड्यांनी एका रात्री त्या लघवीसाठी उठल्या. गोळीची गुंगी, त्यात अंधारा बोळ. तोल गेला आणि उजवे मनगट मोडले.

प्लास्टर घातल्यानंतर त्यांना पाहायला मी घरी गेलो. खरे तर हे वर्षभर आधीच करायला हवे होते.

दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट

आजींचा जुना वाडा पाडून तिथे इमारत झाली आहे. आजींच्या कुटुंबाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लिफ्ट आहे, पण ती चालू असण्यापेक्षा बंदच अधिक असते. मी गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि आजींच्या खोलीत ट्यूबलाइट लावलेली होती. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत. हात लांब केला तर बोटे टेकतील इतकी जवळ.

मला त्यांचा ओटा आठवला. तीस वर्षे दवाखान्यात जाता-येता मी आजींना त्या ओट्यावर पाहत आलो. सकाळच्या उन्हात बसून शेंगा फोडायच्या, मेथी निवडायची, शाळेला जाणाऱ्या पोरांना हाका मारायच्या, पोस्टमनला पाणी द्यायचे. मध्येच उठून आत स्वयंपाकघरात, पुन्हा बाहेर, पुन्हा परसात. दिवसभरात पंचवीस-तीस वेळा तरी उठबस व्हायची. याला कुणी व्यायाम म्हटले नाही, कुणी उपचार म्हटले नाही. पण होता तो उपचारच.

सकाळचे ऊन डोळ्यांना मिळाले की मेंदूतले घड्याळ लागते आणि मग रात्री वेळेवर झोप येते. दिवसभर कोंदट उजेडात बसणाऱ्याचे हे घड्याळ बिघडते. अंगावर ऊन पडले की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. चालण्या-उठण्याने आतड्यांची हालचाल सुधारते, गुडघ्यांभोवतीचे स्नायू बळकट राहतात. आणि चार माणसांशी बोलणे झाले की मनाची उभारी टिकते. आजींच्या पाचही तक्रारींचे उत्तर त्या ओट्यावर होते. वाडा पडला त्या दिवशी ही सारी औषधे एकदम बंद झाली, आणि त्यांच्या जागी मी एक गोळी दिली.

जुने ते सगळेच सोने नव्हे

वाचकहो, वाड्यांचे गोडवे गाण्यासाठी हा लेख नाही. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती खराब झालेल्या कितीतरी बाया मी वाड्यांतच तपासल्या आहेत. ओल धरलेल्या भिंती, पावसाळ्यात गळणारी कौले, वीस माणसांत एक संडास, रात्री कंदील घेऊन तिथवर जाणारी म्हातारी माणसे, हेही मी पाहिले आहे. पक्के घर, घरात नळ आणि घरात संडास ही आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी कमाई आहे. माझे म्हणणे एवढेच की नवे घर बांधताना आपण उजेड, वारा आणि चार माणसांत बसण्याची जागा नकळत गमावतो. नकाशावर त्या जागेला 'वाया गेलेली जागा' म्हणतात. तिची किंमत पुढे दवाखान्यात मोजावी लागते.

मुंबईने शिकलेला आणि विसरलेला धडा

ही गोष्ट नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रुग्ण सापडला. निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. साथीने शहर हादरले आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट हवेतून रोग होतो अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून समुद्राचा वारा गर्दीच्या वस्तीत यावा यासाठी प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती आणि तिथल्या पाच बागा याच ट्रस्टच्या आखणीतल्या.

त्या काळात ट्रस्टने एक साधे गणित मांडले होते. इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर असावी, म्हणजे खालच्या मजल्यावरही आकाश दिसेल. साठ फूट उंचीला तीस फूट मोकळी जागा.

प्लेग हवेने नव्हे तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे प्लेगचे कारण चुकले होते, पण उपाय वाया गेला नाही. कारण हवेतून पसरणारा दुसरा रोग मुंबईच्या चाळींत ठाण मांडून होता, तो म्हणजे क्षय. क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात आणि थेट सूर्यप्रकाशात मरतात. अंधाऱ्या, बंद खोलीत मात्र ते तासन्‌तास तरंगत राहू शकतात.

हा धडा शंभर वर्षांत आपण विसरलो. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात झोपडपट्टीतील आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबांसाठी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड ही त्यांतली काही नावे. दोन इमारतींमध्ये कुठे कुठे जेमतेम ३ मीटर अंतर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले. उजेड आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांना त्याची झळ अधिक. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला घर मिळाले, पण ऊन मिळाले नाही.

आपले जिल्ह्याचे गाव म्हणजे मुंबई नव्हे, असे आपण म्हणाल. पण पेठेतल्या नव्या इमारतींमधून एकदा नजर वर करून पाहा. आकाशाची किती रुंद पट्टी दिसते?

खिडकीतून काय दिसते?

खिडकीचा आणि आजाराचा संबंध अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये मांडला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी नोंदींवरून तपासल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधे कमी लागली. अभ्यास लहान होता, पण आजींच्या खिडकीसमोरची भिंत पाहिल्यावर मला तोच आठवला.

रस्ता आणि शेजार

घराबाहेरच्या रस्त्याचेही तसेच आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरातील तीन रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरे साधारण सारखीच, वाहनांची संख्या वेगळी. दिवसाला सुमारे २ हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावर माणसांना त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. सुमारे १६ हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. माणसे तीच, स्वभाव तेच. रस्ता ओलांडणे अवघड झाले, अंगणात बोललेले ऐकू येईना, तशी माणसे मागच्या खोल्यांत सरकली. पुढे १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीच्या धडकेने ॲपलयार्ड यांचा मृत्यू झाला.

"हल्ली शेजारधर्म राहिला नाही" असे आपण सहज म्हणतो. पण ओटा गाड्यांनी अडवला, फूटपाथवर दुकाने आली आणि हॉर्नच्या आवाजात बोलणे अशक्य झाले, तर शेजारी भेटणार कुठे? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या मुख्य चौकात ती कितपत पाळली जाते, हे आपण जाणताच. रात्रीचा आवाज झोप मोडतो, आणि मोडलेल्या झोपेचा परिणाम रक्तदाबावर होतो. माणूस चिडचिडा होतो. मग त्याच्या रागाला आपण स्वभाव म्हणतो.

आपल्याला काय करता येईल?

गाव बदलणे एकट्याच्या हातात नाही. पण काही गोष्टी उद्यापासून करता येतील.

१. घरातील वृद्धांना रोज सकाळी अर्धा-पाऊण तास उघड्यावर बसवा. गच्ची, गॅलरी, इमारतीचे प्रवेशद्वार, देवळाचा पार, कुठेही. शक्यतो सोबतीला माणूस असावा.

२. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार रोज काही वेळ उघडे ठेवा. खिडकीसमोर लावलेले कपाट हलवा.

३. बेडरूम ते संडास या वाटेवर रात्री लहान दिवा लावा. पायाखालची सतरंजी काढा. आजींचे मनगट एवढ्याने वाचले असते.

४. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. घर अंधारे असेल तर हे अधिक काटेकोरपणे पाळा.

५. फ्लॅट घेताना नुसता नमुना फ्लॅट पाहू नका. दुपारी दिवे बंद करायला सांगून आत उभे राहा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या किमान एक दशांश आणि दमट उष्ण हवेत एक षष्ठांश असावे. १०० चौरस फुटांच्या खोलीला अनुक्रमे १० आणि सुमारे १७ चौरस फूट. टेप लावून मोजा, लाजू नका.

६. झोपेची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि डॉक्टरांना आपण कुठे, कितव्या मजल्यावर, कसल्या खोलीत राहता तेही सांगा. आम्ही विचारले नाही तरी सांगा.

शेवटी घरचेच

हे सारे लिहिणे सोपे आहे. गेल्या महिन्यात आमच्याच जुन्या वाड्याचा नवा नकाशा माझ्यासमोर आला. भाऊ तयार आहेत, पुतण्यांना घरे हवी आहेत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण वाड्याची मागची भिंत आता पाडायलाच झाली आहे. मी बिल्डरकडे दोन गोष्टी मागितल्या. शेजारच्या इमारतीकडची बाजू अधिक मोकळी सोडा आणि पुढे उन्हात आठ माणसे बसतील असा ओटा ठेवा. ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेवढ्यात दोन दुकानं निघतात." धाकटा पुतण्याही म्हणाला, "काका, ओट्यावर बसायला वेळ कुणाला आहे?" मी अजून सही केलेली नाही. घरात थोडी धुसफूस चालू आहे.

आजींचे काय झाले ते सांगायचे राहिले. प्लास्टर निघाल्यावर त्यांचा नातू रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी त्यांना हात धरून खाली आणतो आणि इमारतीच्या दारात खुर्ची मांडून देतो. पहिले चार दिवस त्या एकट्याच बसल्या. पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गवारीच्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसल्या. आता तिथे चार खुर्च्या असतात. झोपेची गोळी दोन महिन्यांत हळूहळू बंद केली. गुडघे अजून धरतात, मनगट थंडीत दुखते आणि लिफ्ट बंद असली की खाली येणे चुकते.

परवा सकाळी मी तिथून जात होतो. आजींनी हाक मारली, "डॉक्टर, या, बसा घटकाभर." दवाखान्यात पेशंट ताटकळले होते. तरीही मी पाच मिनिटे बसलो.