मासळीच्या टबाची दुरुस्ती : माझी एक चूक आणि त्यातून मिळालेला धडा



मंडळाच्या गेल्या कार्यक्रमानंतर चहा घेताना दोघा-तिघा सभासदांनी एकच प्रश्न विचारला. प्लास्टिकचा टब, ड्रम किंवा क्रेट तडकला तर तो दुरुस्त होतो का, की सरळ भंगारवाल्याला द्यायचा? मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, शिक्षण बी.कॉम. प्लास्टिकचा मी कोणी तज्ज्ञ नाही. पण गेली काही वर्षे या कामात हात घातला आहे, एकदा चांगलाच तोंडावर आपटलो आहे आणि त्यातून थोडे शिकलो आहे. तेवढेच येथे सांगतो.

हा टब कशासाठी?

पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यांवर पहाटे गेलात तर दिसेल की होडी किंवा रापण किनाऱ्याला लागते, पण रस्ता तेथून लांब असतो. मधे सगळी भुसभुशीत वाळू. हातगाडीची चाके तिच्यात रुततात. पूर्वी टोपल्या डोक्यावरून नेत. आता पुष्कळ जण मासळी आणि बर्फ टबात भरतात आणि दोरीने ओढत नेतात.

मोरजीच्या माझ्या एका शाळूसोबत्याने असाच टब घरी बनवला होता. निळा मोठा ड्रम उभा कापला, की लांबट होडीसारखे दोन टब होतात. एका खेपेस त्यात मासळी आणि बर्फ मिळून साठेक किलो वजन असते. वर्षभर तो वाळूवर घासला जातो. तळ पातळ होतो आणि मग एके दिवशी तडा जातो.

बी.कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. यंत्राची किंमत दरवर्षी वहीत इतके टक्के कमी करायची. खरा घसारा काय असतो ते मात्र मी या टबाच्या तळाला हात लावल्यावर पाहिले. बँकेत असताना होडी, इंजिन, जाळे यांसाठी कर्जाची कितीतरी प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. टबाचा खर्च त्यात कधी कोणी दाखवला नाही. पण तो वाटेत फुटला तर पहाटेची मासळी वाळूत जाते, बर्फ वितळतो आणि बाजाराची वेळ टळते.

माझी चूक

सोबत्याने आधी बाजारातला गम लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "गमान धरूक नाय रे." मग मी शहाणपण केले. माडाच्या लाकडाच्या दोन लांब पट्ट्या तळाला बाहेरून लावल्या आणि नटबोल्टने करकचून आवळल्या. टब एकदम मजबूत दिसायला लागला. मी खूष.

मे महिन्यात तो भर वाटेत फुटला. जुना तडा होता तिथे नाही, तर माझ्या बोल्टच्या भोकांपासून. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ चीर गेली. पापलेट आणि बांगडे वाळूत पडले. सोबती काही बोलला नाही, पण त्या दिवसाचे त्याचे नुकसान माझ्यामुळे झाले हे मला कळत होते. मग मी कारण शोधायला बसलो.

प्लास्टिक म्हणजे लाकूड नव्हे

हे निळे ड्रम बहुतेक एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचे असतात. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते हेच. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. कार्ल झिग्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये कमी दाबाखाली पॉलिथिलीन बनवण्याची पद्धत शोधली आणि त्यामुळे हे कडक, टिकाऊ प्लास्टिक स्वस्तात मिळू लागले. १९६३ मध्ये ज्युलिओ नाता यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्लास्टिकचे तीन गुण दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवेत.

पहिला : त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहते. गमाचेही तेच होते. गम वरवर बसतो, आत मुरत नाही, आणि टब जरा वाकला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. महागाचा गम आणला तरी फारसा फरक पडत नाही.

दुसरा : ते उन्हाने पुष्कळ वाढते. एक मीटर लांबीला दर अंशामागे साधारण ०.१५ मिलिमीटर धरा. आपला टब १.२ मीटरचा. पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांत टबाच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर टब ५ मिलिमीटरच्या वर वाढतो. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. मी टबाला लाकडाशी जखडून ठेवले. रोज तो वाढायला बघे, रोज बोल्ट त्याला अडवत. शेवटी भोके फाटली. माझ्या दुरुस्तीने टब मजबूत झाला नव्हता, उलट त्याला जागोजागी कमजोर केले होते.

तिसरा : ते उष्णतेने वितळते आणि गार झाले की पुन्हा घट्ट होते. सुमारे १३० अंशांना ते पातळ होऊ लागते. म्हणजे जोड द्यायचा तर त्याच जातीचे प्लास्टिक वितळवून द्यावा. हाच खरा उपाय.

आधी टब दुरुस्त करण्याजोगा आहे का ते पाहा

टबाच्या कडेला बोट घासून पाहा. पांढरी भुकटी हाताला लागली, सगळीकडे केसासारख्या बारीक चिरा दिसल्या किंवा कड वाकवल्यावर कटकन तुटली, तर ते प्लास्टिक उन्हाने मेलेले आहे. त्यावर जोड धरत नाही. तो टब भंगारात द्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ड्रम पूर्वी कशाचा होता हे खात्रीने माहीत नसेल तर त्यात मासळी ठेवू नका. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी काही अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला राहू शकतो. अशा ड्रमाचा टब जाळी ओढायला वापरा, खाण्याच्या वस्तूंना नको.

दुरुस्तीची रीत

१. टब साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. मासळीचे तेल राहिले तर जोड धरत नाही, म्हणून शेवटी स्पिरिटने पुसा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. स्पिरिट पेट घेते, ते ओले असताना गरम हत्यार जवळ आणू नका.

२. तड्याच्या दोन्ही टोकांना ४ ते ५ मिलिमीटरचे गोल भोक पाडा. तड्याचे टोक टोकदार असते, सगळा ताण तिथे एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. गोल भोकामुळे तो ताण वाटला जातो.

३. तड्याच्या दोन्ही कडा पात्याने तासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा. खोली जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त पुरे.

४. त्याच ड्रमाच्या उरलेल्या तुकड्यातून बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी कापा. गरम हवेच्या गनने, अरुंद तोटी लावून, खाच आणि पट्टी दोन्ही एकदम तापवा. पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चमकला की पट्टी खाचेत दाबत पुढे जा. धूर आला किंवा रंग करपला तर जास्त तापले. गन नसेल तर चपट्या तोंडाच्या मोठ्या सोल्डरिंग आयर्ननेही लहान तडा भरता येतो. काम उघड्यावर करा, धूर नाकात घेऊ नका.

५. आपोआप गार होऊ द्या. घाईने पाणी ओतू नका.

पहिल्यांदा करत असाल तर आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर सराव करा. गार झाल्यावर जोड हाताने सोलून पाहा. सहज सुटला तर एक तर उष्णता कमी पडली किंवा दोन्ही प्लास्टिक वेगळ्या जातीची आहेत.

तडा लांब असेल तर त्यावर टाकेही घालावेत. कडेपासून १२ ते १५ मिलिमीटर सोडून दोन्ही बाजूंना भोके पाडायची आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने शिवायचे. हे काम सोबत्याने माझ्यापेक्षा दसपट चांगले केले, कारण जाळे विणणाऱ्या हाताला शिवण शिकवावी लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून होड्या बांधण्याची रीत जुनी आहे. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेले 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाजही गोव्यातच बांधले गेले. शिवलेला जोड थोडा लवचीक राहतो, लाटेबरोबर हलतो, पण फाटत नाही. माझ्या आवळलेल्या बोल्टांना नेमके हेच जमले नव्हते.

तळाला पट्ट्या

तडा भरला तरी तळ घासतच राहणार. म्हणून खाली दोन पट्ट्या हव्यात, म्हणजे वाळू पट्ट्यांना घासेल, टबाला नाही. येथे मला डिचोलीकडच्या कुळागरांची आठवण झाली. पोफळींना पाणी द्यायचा काळा जाड पाइप एचडीपीईचाच असतो. त्यात २ ते ३ टक्के काजळी मिसळलेली असते, त्यामुळे तो उन्हात लवकर मरत नाही.

६३ मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा टाकाऊ तुकडा उभा चिरला. उकळत्या पाण्यात नरम केला आणि दोन फळ्यांमध्ये वजनाखाली गार होऊ दिला. सपाट पट्ट्या मिळाल्या. त्या टबाच्या तळाला लावल्या. पट्टी आणि टब एकाच जातीचे असल्याने दोन्ही जवळजवळ सारखेच वाढतात, भोकांवर ताण येत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, डोकी पट्टीत बुडवलेली, आतून रुंद वॉशर. लाकडाचीच पट्टी लावायची असेल तर मधले एक भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा आणि बोल्ट बेताने आवळा.

दोरीसाठी पुढे नुसते भोक ठेवले तर ते फाटते. आतून आडवा पाइपाचा तुकडा ठेवून दोरी त्याला बांधा, म्हणजे ओढ सगळ्या रुंदीवर वाटली जाते.

हे सगळे झाल्यावर वहिनींनी, म्हणजे सोबत्याच्या पत्नीने, टब पाहिला. बाजारात मासळी त्याच विकतात. त्यांनी आतल्या टाक्यांवरून बोट फिरवले आणि विचारले की या फटींत खवले अडकून कुजतील, ती कोण काढणार? आम्हा दोघांना हे सुचलेच नव्हते. मग आतले टाके आणि वॉशर त्याच प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या वितळवून झाकले आणि गुळगुळीत केले. दोऱ्याला फार आच लागू दिली नाही.

परदेशातही हेच

कॅनडात स्थायिक झालेल्या भाच्याला मी व्हिडिओ कॉलवर टब दाखवला, तर तो हसायला लागला. तिकडे ओंटारिओतल्या सिमको तलावासारखे तलाव हिवाळ्यात गोठतात. बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि सगळे सामान अशाच प्लास्टिकच्या घसरगाडीतून ओढत नेतात. तिचा तळ बर्फाने आणि वाटेतल्या खडीने घासतो आणि तेही तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात. मे महिन्यातली मोरजी आणि जानेवारीतला गोठलेला तलाव, पण दुखणे एकच.

राखायचे कसे

खाऱ्या पाण्याने या प्लास्टिकचे काही बिघडत नाही. शत्रू आहे ऊन. काम झाले की टब पालथा करून सावलीत ठेवा किंवा वर झावळ टाका. दुरुस्तीला उत्तम काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक मासेमारीची बंदी. जाळी तेव्हा दुरुस्त होतातच, त्यांच्याबरोबर टबही पाहून घ्यावा. फक्त काम कोरड्या जागी करा.

आणि एक विनंती. तासलेला प्लास्टिकचा चुरा खाली कापड पसरून गोळा करा. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. आपली कचऱ्याची भर त्या वाळूत नको.

दुरुस्त केलेला टब आता दुसरा पावसाळा पाहतो आहे. सोबत्याचे त्या दिवशीचे नुकसान काही भरून आले नाही, पण निदान तीच चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये. ज्याला हे काम पाहायचे असेल त्याने मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला गाठावे. येताना तडकलेला टब आणि त्याच जातीचा एक तुकडा सोबत आणावा, म्हणजे बोलता बोलता कामही होईल.