चावा बसलेल्या राखणीच्या कुत्र्याला पुन्हा धीट कसं करावं



भाद्रपद लागला की कुत्र्यांची भांडणं वाढतात. मादीमागे टोळी जमते आणि वस्तीवरचं आपलं कुत्रं त्यात सापडतं. जखम भरते, पण रात्री रानडुकरावर धावणारं कुत्रं गोठ्याचा कोपरा सोडत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "हे आता बिनकामाचं झालं, सोडून द्या." तसं करू नका. बहुतेक कुत्री सावरतात, पण त्यांना घाई चालत नाही.

आधी जखमेचं बघा. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हातात मोजे घाला, नाहीतर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. दुखावलेलं कुत्रं धन्यालाही चावतं, म्हणून तोंड कापडी पट्टीनं सैल बांधा. धाप लागली असेल तर मात्र बांधू नका. चुना, मिरची, ऑइल काही लावायचं नाही. आपली अंगदुखीची गोळीही द्यायची नाही, ती कुत्र्याला बाधते. वरून दाताचं बारीक भोक दिसतं, पण आत पू धरतो आणि दोन-चार दिवसांनी गळू येतं. म्हणून आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ ला फोन करा. आधी लस दिलेली असली तरी डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना इंजेक्शन द्या. चावणारं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवा.

आता भीतीचं. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला चावा बसला असेल तर भीती जास्त बसते, कारण त्याला पळताच आलं नाही. अशा कुत्र्याला परत त्याच खुंट्याला बांधणं मला तरी पटत नाही. जागा बदला. पाठीमागे भिंत असेल आणि भटकी कुत्री आत येणार नाहीत अशी पडवी बघा. पहिला आठवडा नुसता आराम. लपून बसलं तर ओढून काढू नका, जवळ बसा, भाकरी ठेवा, त्याचं ते येईल. मुलांना त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका.

जखम सुकली की सकाळी शांत वेळी दोरी लावून पाच-दहा मिनिटं फिरवा. जिथं चावा बसला ती वाट सध्या सोडा. लांब दुसरं कुत्रं दिसलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा तुकडा द्या. तुकडा खाल्ला म्हणजे अंतर बरोबर आहे. एरवी आवडीनं खाणारं कुत्रं तोंड फिरवत असेल, शेपूट पायात घालत असेल, सारखे ओठ चाटत असेल, तर तुम्ही फार जवळ गेलात. वीस-तीस पावलं मागे या. दिसणारं कुत्रं आणि आवडता घास यांची जोडी त्याच्या डोक्यात बसली की अंतर थोडं थोडं कमी करा. भुंकलं, गुरगुरलं म्हणून काठी उगारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मारून ती बंद केली तर पुढच्या वेळी ते न सांगता चावेल.

मग शेजारच्या एखाद्या शांत, लस झालेल्या कुत्र्याबरोबर चालवा. दोन माणसं, दोन दोऱ्या, मध्ये पाण्याच्या पाटाएवढं तरी अंतर, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर भेट घालायची नाही. काहींना तीन आठवडे लागतात, काहींना तीन-चार महिने. रात्रीच्या राखणीला सुरुवातीला तुम्ही बॅटरी घेऊन सोबत जा. एकट्याला बांधावर सोडायची वेळ नंतर येईल.

एक गोष्ट मात्र भीती समजून अंगावर काढू नका. रेबीजची लक्षणं चाव्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही दिसतात. लाळ गळते, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, चाल लटपटते, लाकूड-दगड काहीही चावत सुटतं. भ्यालेलं कुत्रं हळूहळू का होईना सुधारतं, हे दिवसेंदिवस बिघडत जातं. अशा वेळी हात लावू नका, दार लावून कोंडा आणि डॉक्टरांना कळवा. त्याची लाळ कुणाच्या जखमेला लागली किंवा ते कुणाला चावलं, तर जागा साबणानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.