मांडणी कोणाची? : ‘आयट्यून्स ११’ आणि संग्राहक श्रोत्याची प्रतिक्रिया

संगीताचा संग्रह सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती आली की तिचे पालटलेले रूप पाहून वापरकर्ते प्रथम संतापतात आणि काही आठवड्यांनी निवळतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रणाली तयार करणाऱ्यांना तो सोयीचा असतो आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. तथापि, या संतापात दोन भिन्न तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक तक्रार हाताच्या आणि डोळ्यांच्या सवयीची असते : जे बटण डावीकडे होते ते उजवीकडे गेले. दुसरी तक्रार वापरकर्त्याने वर्षानुवर्षे स्वतः केलेल्या कामाची असते : त्याने लावलेला क्रम, भरलेल्या नोंदी, पारखून केलेली निवड नव्या रूपात दिसेनाशी झाली, किंवा ते काम पुढे चालू ठेवण्याचे साधन काढून घेतले गेले. पहिली तक्रार काळाने शमते. दुसरी शमत नाही. ॲपल कंपनीने २९ नोव्हेंबर २०१२ रोजी उपलब्ध करून दिलेली ‘आयट्यून्स ११’ ही आवृत्ती आणि तिच्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत.

‘आयट्यून्स’चा जन्म ९ जानेवारी २००१ रोजी झाला. त्याचे मूळ ‘साउंडजॅम एमपी’ या, ॲपलने २००० मध्ये विकत घेतलेल्या प्रणालीत होते. आपल्या सीडी संगणकात उतरवाव्यात, त्यांचा संग्रह करावा आणि हवे ते गाणे चटकन शोधावे, एवढाच तिचा आरंभीचा हेतू होता. पुढे स्थिरावलेली तिची मांडणी मोठी साधी होती. डावीकडे संग्रह व प्लेलिस्ट यांची उभी पट्टी. उजवीकडे गाण्यांची यादी. यादीच्या वर प्रकार, कलाकार आणि अल्बम असे तीन स्तंभ. २००२ च्या जुलैमध्ये तिसऱ्या आवृत्तीने तारांकित गुणांकन, किती वेळा ऐकले याची नोंद आणि ‘स्मार्ट प्लेलिस्ट’, म्हणजे घालून दिलेल्या अटींनुसार आपोआप तयार होणाऱ्या याद्या, यांची भर घातली. तेव्हापासून श्रोता आपल्या संग्रहाचा सूचीकारही झाला. एप्रिल २००३ मध्ये संगीतविक्रीचे दुकान याच प्रणालीत उघडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती विंडोजवरही आली. त्यानंतर चित्रपट, मालिका, पुस्तके, दूरध्वनीवरील उपयोजने अशा एकेका वस्तूचा भार तिच्यावर चढत गेला. २०१२ पर्यंत ती अवजड झाली होती, ही तक्रार वापरकर्त्यांचीच होती. अकराव्या आवृत्तीच्या विरोधकांकडून ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

या आवृत्तीने डावीकडची पट्टी लपवली. संग्रह उघडताच अल्बमांच्या मुखपृष्ठांची चौकटीदार मांडणी समोर येई. एखाद्या मुखपृष्ठावर क्लिक केले की त्याच्या खाली गाण्यांची यादी उलगडे आणि तिची पार्श्वभूमी त्या मुखपृष्ठाच्याच रंगांतून घेतलेली असे. ही योजना खरोखर सुंदर होती. ‘अप नेक्स्ट’ ही पुढे वाजणाऱ्या गाण्यांची रांग आली आणि ती अनेकांना आवडली. मात्र तिच्यासाठी ‘आयट्यून्स डीजे’ गेले. मुखपृष्ठे पुस्तकाच्या पानांसारखी चाळता येणारा ‘कव्हर फ्लो’ गेला. संग्रहातील दुबार नोंदी शोधून दाखवणारी आज्ञा गेली. निरनिराळ्या प्लेलिस्ट स्वतंत्र खिडक्यांत उघडून एकीतून दुसरीत गाणी ओढून नेण्याची सोय गेली. तिच्या जागी, गाणे ओढू लागताच उजवीकडून सरकत येणारी प्लेलिस्टांची पट्टी आली.

या बदलांवरील प्रतिक्रिया एकाच जातीच्या नव्हत्या. पट्टी लपली ही तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात झाली. परंतु ती परत दिसावी यासाठी दृश्य-सूचीतील एक आज्ञा पुरेशी होती आणि हे कळताच तो आवाज बराच उतरला. ‘कव्हर फ्लो’साठी अनेकांनी हळहळ व्यक्त केली, पण त्याच्यावाचून कोणाचे काम अडले असे फारसे दिसत नाही. दुबार नोंदींचे प्रकरण निराळे होते. हजारो गाण्यांचा संग्रह एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणारा, जुन्या सीडी पुन्हा उतरवणारा माणूस या आज्ञेवर अवलंबून असतो. तिचे नसणे ही गैरसोय तर होतीच. पण अर्धवट राहिलेले काम आता हाताने, ओळीमागून ओळ तपासत पूर्ण करावे लागणार, असा तिचा अर्थ होता. खिडक्यांचेही तसेच. दोन याद्या शेजारीशेजारी ठेवून तुलना करणे हे संपादकाचे काम आहे, आणि एका वेळी एकच यादी दाखवणारा पडदा ते करू देत नाही. ज्याला केवळ ऐकायचे होते त्याला नवी आवृत्ती आवडली. ज्याला ऐकण्याबरोबर रचायचेही होते तो दुखावला.

हा भेद समजून घेण्यास ग्रंथालयशास्त्राची मदत होते. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले आणि १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. कोणत्याही विषयाला अनेक पैलू असतात आणि वर्गीकरणाने ते सर्व पैलू जोडण्याची मुभा ठेवली पाहिजे, हे या पद्धतीचे मर्म होय. ‘आयट्यून्स’च्या यादीवरील तीन स्तंभ हे नकळत याच विचाराचे, अगदी प्राथमिक असे, उपयोजन होते. तेच गाणे प्रकारातून सापडे, कलाकारातून सापडे, अल्बमातूनही सापडे. मुखपृष्ठांची मांडणी मात्र अल्बम हा एकच पैलू मुख्य मानते. ज्या संगीतपरंपरेत अल्बम हीच कलाकृती असते, तिला हे मानवते. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या श्रोत्याला आपल्या आवडत्या गायकवृंदाची मुखपृष्ठे ओळीने पाहून संग्रहाची ओळख पटत असेल. ख्यालगायनाच्या श्रोत्याला ती पटतेच असे नाही. यमन रागाचे आठ गायकांचे आठ विस्तार जवळजवळ ठेवून ऐकणाऱ्या रसिकाच्या दृष्टीने अल्बम हा बहुधा ध्वनिमुद्रण कंपनीने केलेला योगायोग असतो.

मराठी श्रोत्याच्या संदर्भात ही अडचण आणखी ठळक होते. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’ नाटकातील एखादे पद घेतले तर त्याची नोंद कशी करावी? नाटक खाडिलकरांचे, पदेही त्यांचीच. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. मूळ रंगमंचावर गाणारे एक आणि पुढे ते पद मैफलीत वा ध्वनिमुद्रिकेत गाणारे अनेक. त्याशिवाय चालीचा आधार असलेला राग. प्रणालीने दिलेले रकाने ठरलेले आहेत : कलाकार, अल्बम, संगीतकार, प्रकार, गट, टिप्पणी. रागासाठी रकाना नाही. विशेष म्हणजे कवीसाठीही नाही! ध्वनिफितींत माहिती साठवण्याच्या ‘आयडी३’ या संकेतात गीतलेखकाची स्वतंत्र जागा आहे. ‘आयट्यून्स’ने ती दाखवलीच नाही. साहजिकच भारतीय संग्राहकाला स्वतःची युक्ती योजावी लागते. कोणी ‘गट’ या रकान्यात राग लिहितो, कोणी नाटकाचे नाव अल्बमच्या जागी घालून कवीला टिप्पणीत बसवतो. अशी व्यवस्था त्या माणसाच्या डोक्यात आणि त्या रकान्यांत, एवढ्याच दोन ठिकाणी असते. म्हणून रकाने पडद्यावर कसे आणि कुठे दिसतात हा त्याच्या दृष्टीने शोभेचा प्रश्न उरत नाही. योगायोग असा की ॲपलने भारतातील आपले संगीताचे दुकान अकराव्या आवृत्तीनंतर अवघ्या पाच दिवसांनी, ४ डिसेंबर २०१२ रोजी उघडले. अर्थात विकत घेतलेल्या गाण्यांच्या नोंदीही त्याच साच्यातून आल्या.

साहित्याचा अभ्यासक येथे हान्स रॉबर्ट याउस यांच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ या संकल्पनेकडे वळेल. नवी कृती वाचकाच्या अपेक्षांना धक्का देते आणि कालांतराने क्षितिजच विस्तारते, हे विवेचन पहिल्या प्रकारच्या तक्रारीला उत्तम लागू पडते. दुसरीला ते लागू पडत नाही, आणि त्याचे कारण अगदी भौतिक आहे. नवकाव्य आले म्हणून केशवसुतांची कविता कपाटातून नाहीशी झाली नाही. ज्याला जुने हवे तो जुन्याकडे परत जाऊ शकला. प्रणालीची नवी आवृत्ती मात्र जुनीच्या जागी बसते. नव्या ‘आयट्यून्स’ने संग्रहाची नोंदवही नव्या स्वरूपात रूपांतरित केली, जुनीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जपलेली असे खरी, परंतु मागे फिरणाऱ्याला मधल्या काळात केलेल्या नोंदींवर पाणी सोडावे लागे. शिवाय सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनची ‘आयओएस ७’ ही प्रणाली आली, आणि तिच्यासाठी संगणकावर ‘आयट्यून्स ११.१’ असणे आवश्यक ठरले. ज्याने हट्टाने दहावी आवृत्ती राखली होती त्याला फोन बदलताच ती सोडावी लागली. जिथे परतीची वाट इतकी अरुंद, तिथे प्रतिक्रियेचा सूर चढा असणे स्वाभाविक आहे. त्याला निव्वळ जुन्याचा मोह म्हणणे अन्यायाचे होईल.

कंपनीचा पवित्राही अभ्यसनीय आहे. २०१० मध्ये दहाव्या आवृत्तीच्या बोधचिन्हातून सीडीचे चित्र वगळले गेले, तेव्हा नापसंती कळवणाऱ्या एका वापरकर्त्याला स्टीव्ह जॉब्झ यांनी ‘आम्ही असहमत आहोत’ एवढ्याच आशयाचे उत्तर दिल्याचे गाजले होते. बोधचिन्हाच्या बाबतीत ही ताठरता खपून गेली, कारण चिन्हात कोणाचे श्रम गुंतलेले नव्हते. अकराव्या आवृत्तीच्या बाबतीत तसे झाले नाही. दुबार नोंदी दाखवणारी आज्ञा ११.०.१ या दुरुस्तीतून डिसेंबर २०१२ मध्येच, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांत परतली. मे २०१३ मधील ११.०.३ ने गाण्यांच्या यादीत मुखपृष्ठ दाखवण्याची सोय दिली आणि अनेक सीडींचा एक अल्बम पुन्हा एकत्र दिसू लागला. डावीकडच्या पट्टीला अधिक वाट पाहावी लागली. मे २०१६ मधील १२.४ या आवृत्तीत ती पुन्हा ठळकपणे अवतरली. कालानुक्रमावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. तरीही जे परत आले ते प्रामुख्याने संग्रह लावण्याचे साहित्य आहे आणि जो ‘कव्हर फ्लो’ परत आला नाही तो केवळ पाहण्याचा आनंद होता, हे लक्षात घेतल्यावाचून राहवत नाही.

श्रोत्यांच्या श्रमाचा प्रश्न या आवृत्तीच्याही आधीचा आहे. सीडी संगणकात घालताच गाण्यांची नावे आपोआप उमटतात, ती ‘सीडीडीबी’ या नोंदसंग्रहामुळे. १९९० च्या दशकात असंख्य श्रोत्यांनी आपापल्या सीडींची माहिती हाताने टंकून तो उभा केला. पुढे तो ‘ग्रेसनोट’ या व्यापारी कंपनीचा झाला. आपण फुकट दिलेल्या नोंदी आता परवान्याने विकल्या जातात हे पाहून दुखावलेल्यांपैकी काहींनी ‘फ्रीडीबी’ आणि ‘म्युझिकब्रेन्झ’ हे खुले संग्रह सुरू केले. त्यांपैकी दुसरा आजही चालू आहे.

२०१५ नंतर तक्रारीचे क्षेत्र मांडणीकडून मालकीकडे सरकले. त्या वर्षी ३० जूनला वर्गणीची ‘ॲपल म्युझिक’ सेवा आली. श्रोत्याचा संग्रह कंपनीच्या संग्रहाशी जुळवण्याच्या प्रक्रियेत काहींची स्वतःची गाणी वर्गणीतील, म्हणजे कुलूपबंद, गाणी म्हणून नोंदली गेली, जुलैमधील १२.२.१ या दुरुस्तीने ही चूक सुधारली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘मॅकओएस कॅटालिना’बरोबर मॅक संगणकावरील ‘आयट्यून्स’चे विभाजन होऊन ‘म्युझिक’, ‘टीव्ही’ आणि ‘पॉडकास्ट्स’ अशी स्वतंत्र उपयोजने झाली. सर्वसामान्य श्रोत्याने सुटकेचा निःश्वास टाकला. ओरड झाली ती डीजे व्यावसायिकांकडून : ‘आयट्यून्स’ ज्या एक्सएमएल फाइलमधून संपूर्ण संग्रहाची नोंद इतर प्रणालींना आपोआप उपलब्ध करून देत असे, ती आता हाताने निर्यात करावी लागणार होती. त्यांच्या प्रणाली सुधारल्या जाईपर्यंत त्यांनी जुन्या ‘मोहावे’वरच राहावे, असा सल्ला खुद्द ॲपलने दिला. नव्या ‘म्युझिक’मध्ये गाण्यांच्या यादीवर तेच जुने स्तंभ आजही उघडता येतात, आणि संगीतकाराचा व ‘गटा’चा स्तंभही त्यांत लावता येतो. रागांची नावे ज्यांनी ‘गटा’त भरली होती, त्यांना ती तिथे सापडतात, आज्ञा मात्र दृश्य-सूचीत बरीच खाली आहे.