विद्यापीठीय कलादालन आणि बालपुस्तकातील चित्र

प्रस्तावना
बालपुस्तकातील चित्र हे मजकुराची शोभा वाढविणारे दुय्यम अंग होय, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक आणि चित्रकाराचे नाव आतील पानावर बारीक अक्षरांत, ही पद्धत त्याच समजाची द्योतक आहे. तथापि अक्षरओळख होण्यापूर्वी मूल चित्रच वाचत असते. त्यामुळे विद्यापीठाच्या कलादालनात बालपुस्तकांतील चित्रांचे प्रदर्शन भरविणे हा शिक्षणशास्त्राचा आणि भाषेचाही विषय ठरतो. असे प्रदर्शन कोणत्या स्वरूपाचे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बडोद्याचा प्रयोग
या संदर्भात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे उदाहरण मोलाचे आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेच्या जडणघडणीत मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांचा मोठा वाटा होता. तेथेच १९५१ पासून अध्यापन करणारे के. जी. सुब्रमण्यन (१९२४-२०१६) यांनी १९६० च्या दशकात सुरू झालेल्या ललितकला मेळ्यासाठी खेळणी आणि मुलांची सचित्र पुस्तके तयार केली. या पुस्तकांतील गोष्ट त्यांची आणि चित्रेही त्यांचीच. पुढे त्यांची बालपुस्तके कोलकात्याच्या सीगल बुक्सने प्रकाशित केली. विद्यापीठाच्या आवारात निर्माण झालेली कला मेळ्याच्या निमित्ताने सामान्य माणसाच्या हाती पोहोचली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

चित्र, पान आणि छपाई
सचित्र पुस्तकात अर्थ तीन ठिकाणी विभागलेला असतो : शब्दांत, चित्रात आणि पान उलटण्याच्या क्रियेत. ‘बाळ झोपले’ असे मजकूर सांगतो आणि चित्रात पांघरुणाआडून दोन टपोरे डोळे डोकावतात. शब्द व चित्र यांतील ही विसंगती ओळखून मूल हसते. तेच चित्र मजकुराविना चौकटीत बसवून भिंतीवर टांगले, की गंमत नाहीशी होते.

शिवाय हे चित्र छपाईसाठी काढलेले असते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पडदा लागतो. साहजिकच मोजके रंग व सपाट आकार यांकडे चित्रकाराचा कल राहतो. ही मर्यादा आणि तिच्यातून घडलेली शैली प्रेक्षकाला समजावी, यासाठी कच्चे रेखाटन, पुस्तकाची डमी, मूळ चित्र आणि छापील पान ही क्रमाने मांडणे आवश्यक ठरते.

जतन व मांडणी
छपाई पूर्ण झाल्यावर मूळ चित्रांचे जतन न झाल्यास ती कायमची नष्ट होतात. टोकियो येथे १९७७ मध्ये चिहिरो कलासंग्रहालय आणि अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट येथे २००२ मध्ये एरिक कार्ल संग्रहालय स्थापन झाले, ते अशा चित्रांच्या जतनासाठी व प्रदर्शनासाठी. जलरंगातील कामावर सुमारे ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा संकेत आहे. चित्रे मुलांच्या दृष्टीच्या उंचीवर असावीत आणि पुस्तकांच्या प्रती हाताळण्यास मोकळ्या ठेवाव्यात.

फुलसावंगीच्या संदर्भात
फुलसावंगी हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात असून हा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. महागाव-पुसद परिसरात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. घरी गोरबोली बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीतील पुस्तक उघडते, तेव्हा शब्द परके वाटले तरी चित्र त्याला ओळखीचे वाटू शकते. मात्र त्यासाठी चित्रात त्याचा तांडा, त्याच्या आईचे भरतकाम, कापसाचे शेत दिसावयास हवे. पुस्तकांतून हे जग कितपत उमटते, याची तपासणी अशा प्रदर्शनाच्या निमित्ताने करता येईल. ग्रामीण महाविद्यालयाजवळ कलादालन नसले, तरी ग्रंथालयाचे सभागृह या कामी पुरेसे आहे. सर ज. जी. कला विद्यालयात शिक्षण घेतलेल्या माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीची पुस्तके मांडून मराठी, शिक्षणशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना संयुक्तपणे आरंभ करता येईल.

समारोप
बालपुस्तकातील चित्र कलादालनात आल्याने चित्रकाराला त्याचा मान मिळतो, हे खरे. परंतु त्या चित्राचा पहिला वाचक मूल आहे. ते मूल दालनात येऊन पुस्तक हाती घेईल, अशी व्यवस्था झाली तरच विद्यापीठाचा हा उपक्रम सार्थ ठरेल.