जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

हट्टा (बालाघाट) : समजा, हट्ट्याची एक मुलगी गोंदियाच्या कॉलेजसाठी ऑनलाइन फॉर्म भरते. जन्मतारीख टाकली १५ जून २००७. प्रिंट निघाली १४ जूनची! आता मार्कशीटवर एक तारीख, फॉर्मवर दुसरी. दुकानातला ऑपरेटर म्हणतो, "ताई, तुम्हीच चुकीची टाकली असेल." पण चूक तिची असेलच असं नाही.

सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेत नोंद ठेवतात. आपलं घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. तुम्ही नुसती तारीख दिली, तरी अनेक प्रोग्राम तिला मध्यरात्रीचे बारा चिकटवतात. १५ जून सुरू होतानाचे बारा म्हणजे यूटीसीत १४ जूनचे संध्याकाळचे साडेसहा. पुढे कुणी वेळ कापून फक्त तारीख छापली, की गेला एक दिवस. रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान भरलेल्या फीच्या पावतीवरही याच कारणाने कालची तारीख येऊ शकते.

खरं तर फी भरली तो एक क्षण असतो. तो यूटीसीत ठेवावा, दाखवताना भारतीय वेळेत दाखवावा. जन्मतारीख हा क्षण नाही, दिवस आहे. तिला वेळ चिकटवूच नये.

हे साडेपाच तास १ जानेवारी १९०६ पासूनचे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून ठरलेले. १९५६ साली बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, शेजारचा भंडारा (तेव्हा गोंदिया त्यातच) मुंबई राज्यात गेला. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. पण महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं. म्हणून १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची तारीख काही प्रोग्राममध्ये आदल्या रात्रीच्या अकरावर जाते. पेन्शनच्या कागदात हे कोण समजावणार!

दुसरा घोळ ०३/०४/२००७ चा. आपण वाचतो ३ एप्रिल. अमेरिकी सेटिंग असलेलं एक्सेल वाचतं ४ मार्च, तेही न विचारता. १३/०४ आलं की तेरावा महिना नसल्यामुळे ते तसंच पडून राहतं. म्हणजे एकाच यादीत काही तारखा उलटलेल्या, काही बरोबर. त्यापेक्षा आयएसओ ८६०१ प्रमाणे आधी वर्ष लिहा: २००७-०४-०३. हाताने लिहिताना महिना अक्षरात लिहिला तरी भागतं.

फॉर्म भरताना 'सबमिट' दाबण्याआधी प्रीव्ह्यू उघडून मार्कशीटशी ताडून पाहा. तारीख सरकलेली दिसली तर तिथेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुरुस्तीचा अर्ज करताना तोच दाखवता येतो.