ऑटोमॅटिक वॉशने गाडीचा रंग जातो का? मशीनसाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा



मागच्या महिन्यात हिमायतनगरच्या बाजूने एका मुलाचा फोन आला. वय चोवीस-पंचवीस, डिप्लोमा झालेला, चॅनेलचे व्हिडिओ नेहमी बघतो. म्हणाला, "भाऊ, मोठ्या शहरातलं एक जुनं ब्रशचं मशीन अर्ध्या किमतीत भेटायलंय. वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार हायेत. पण इथले लोक म्हणतेत मशीनमध्ये गाडीचा रंग जायलाय. खरं हाय का?"

बघा, प्रश्न रंगाचा आहे, पण डावावर त्याच्या बापाची जमीन आहे. म्हणून मी त्याला फोनवर "हो" किंवा "नाही" सांगितलं नाही. दोन दिवस मागितले. त्याला जे सांगितलं तेच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितोय. माझं इस्लापूरला ॲक्सेसरीजचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला वॉशिंगचा रॅम्प आहे, त्यामुळे यातलं बरंचसं मी पैसे मोजून शिकलोय.

आधी रंग म्हणजे काय ते समजून घ्या

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो एक थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरावर टिकून आहे.

गाडी धुताना "रंग जातो" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा खरा रंग जात नसतो. क्लिअर कोटवर अगदी बारीक ओरखडे पडतात. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ते कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल दिसतात. गंमत अशी की ओरखडे गोल नसतात, ते सगळ्या दिशांनी असतात. पण प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. काळ्या आणि गडद गाडीवर ते लगेच उठून दिसतात. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात, फक्त लपून जातात.

ओरखडा कोण पाडतं? ब्रश की माती?

आता मुद्द्याचं. ब्रश स्वतः फारसं नुकसान करत नाही. नुकसान करतात ब्रश आणि पत्रा यांच्यामध्ये सापडलेले वाळूचे कण. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस मापावर ७ असते, काचेची साडेपाचच्या आसपास. जो कण काचेला ओरखडतो, तो क्लिअर कोटला सोडेल का?

हे रंग तयार करणाऱ्या कंपन्यांनाही चांगलं माहीत आहे. आयएसओ २०५६६ नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. त्यात प्रयोगशाळेतल्या छोट्या कार वॉशमध्ये फिरता ब्रश रंगवलेल्या पत्र्यावरून नेतात, पाण्यात मुद्दाम क्वार्ट्झची पूड मिसळतात, आणि आधीची चमक व नंतरची चमक मोजतात. यातून दोन गोष्टी कळतात. एक, ब्रशच्या वॉशने चमक कमी होऊ शकते हे उद्योगानेच मान्य केलंय. दोन, चाचणीत नुसतं पाणी पुरत नाही, पूड घालावी लागते. खरा दोषी ती पूड आहे.

आता मशीनचे प्रकार बघू.

जुन्या मशीनमध्ये प्लॅस्टिकच्या धाग्यांचे कडक ब्रश असायचे. बदनामी झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. आताच्या चांगल्या मशीनमध्ये मऊ फोमच्या पट्ट्या किंवा कापडी पट्ट्या असतात. त्या माती धरून ठेवत नाहीत, पण केव्हा? आधी प्रेशरने गाडीवरची माती उतरवली असेल, पाणी भरपूर असेल आणि ब्रश रोज धुतला जात असेल तरच. चिखलाने भरलेली बोलेरो आत गेली आणि तिच्यामागे नवी काळी गाडी गेली, तर पहिलीचा चिखल दुसरीवर घासला जाणार.

दुसरा प्रकार टचलेस. यात काहीच घासत नाही, फक्त केमिकल आणि प्रेशर. ओरखडे पडत नाहीत, पण हट्टी मळ पूर्ण निघत नाही. तो काढायला जहाल केमिकल वापरलं की गाडीवरचं वॅक्स निघून जातं.

आणि तिसरा प्रकार आपला, हाताने धुण्याचा. लोकांना वाटतं हात म्हणजे सुरक्षित. मित्रांनो, सगळ्यात जास्त ओरखडे मी हाताने धुतलेल्या गाड्यांवर बघितलेत. कोरडं फडकं घेऊन रोज सकाळी धूळ झटकणारा माणूस ब्रशच्या मशीनपेक्षा जास्त नुकसान करतो.

माझी खंडेनवमी

हे मी का म्हणतो ते सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे काय गर्दी असते तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टर, ऑटो, मोटारसायकली, पिकअप, सगळ्यांना पूजेआधी गाडी धुऊन पाहिजे. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी माझ्याकडे सकाळी सहापासून रांग होती. दुपारी एका गुरुजींची नवी काळी गाडी आली, घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. माझ्या पोऱ्याने नुकताच ट्रॅक्टर धुतला होता. त्याच बादलीत, त्याच स्पंजने त्याने ती गाडी धुतली. त्याची चूक नाही, मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

चार दिवसांनी गुरुजी परत आले. गाडी उन्हात उभी केली आणि बोनेटकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "हे बघा."

खरं सांगतो, पहिल्यांदा माझ्या तोंडावर खोटंच आलं होतं. "गुरुजी, हे आमच्याकडचं नाही, कुठंतरी झाडाच्या फांद्या लागल्या असतील." सहज खपलं असतं. पण बोनेटवरचे ओरखडे पोऱ्याच्या हाताच्या फेऱ्यांसारखे होते, मला स्पष्ट दिसत होते. मी कबूल केलं. नांदेडला पाठवून पॉलिश करून दिलं, साडेचार हजार माझ्या खिशातून गेले. त्या दिवसाच्या धंद्यातला मोठा भाग त्यातच संपला.

आणि पॉलिश म्हणजे काय तेही लक्षात ठेवा. पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करतं. म्हणजे त्या पातळ थरातला थोडा भाग कायमचा गेला. माझ्या चुकीची पूर्ण भरपाई झालीच नाही.

गुरुजी अजूनही माझ्याकडेच येतात. पण येताना स्वतःचं मायक्रोफायबर घेऊन येतात आणि धुणं होईपर्यंत बाजूला उभे राहतात. मला त्याचा राग येत नाही.

त्यानंतर मी काय बदललं

१. दोन बादल्या. एकात शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शाम्पूत बुडवायचं.

२. हात लावण्याआधी प्रेशर आणि फोम. फोम काही मिनिटं राहू द्यायचा, वाळू द्यायचा नाही, मग वरून खाली पाणी मारायचं. नोझल पत्र्यापासून फूट-दीड फूट लांब.

३. चाकाचं कापड वेगळं, बॉडीचं वेगळं, रंगही वेगळे. कापड जमिनीवर पडलं की ते चाकाचं झालं.

४. ट्रॅक्टर आणि कारचा रॅम्प एक असला तरी सामान एक नाही.

५. कपड्याची पावडर बंद. ती तेलकटपणाबरोबर वॅक्सही काढते. आणि चकाकी यावी म्हणून डिझेल मारणं बंद, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते.

६. उन्हात धुणं नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. उन्हात पाणी वाळलं की कॅल्शियमचे पांढरे डाग पडतात, जास्त दिवस राहिले तर क्लिअर कोटमध्ये बसतात. सावलीत धुवा, लगेच पुसा.

७. गाडी घेताना मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ. आधीचे ओरखडे गिऱ्हाइकासमोर दाखवायचे. भांडण तिथेच संपतं.

नुकताच ॲक्सिडेंटनंतर रंग मारलेला असेल तर मी महिनाभर ब्रश किंवा जोरात प्रेशर मारत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

मग मशीन घ्यायचं की नाही?

आता हिशोब. समजा १५ लाखाचं कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता येतो महिन्याला सुमारे ३२,६०० रुपये. समजा एका कारमागे लाइट, पाणी, शाम्पू, पगार जाऊन १५० रुपये उरतात. नुसता हप्ता फेडायला महिन्याला २१८ कार पाहिजेत, म्हणजे रोज सात-आठ, एकही सुट्टी न घेता. तुमच्या घरात अजून एक रुपया आलेला नाही.

पुण्या-मुंबईत हा आकडा किरकोळ आहे. आपल्याकडे? पावसाळ्यात सहस्रकुंडला धबधबा बघायला गाड्या येतात, नवरात्रात माहूरला जाणाऱ्यांची गर्दी असते. बाकी दिवस काय? आणि ट्रॅक्टर, मोटारसायकल, मालाने भरलेलं पिकअप त्या मशीनमध्ये जात नाही.

दुसरा हिशोब पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, विसरलात का? ज्या उन्हाळ्यात गावात टँकर फिरतो त्या उन्हाळ्यात तुमचं मशीन बंद राहणार. हप्ता मात्र बंद राहत नाही. म्हणून पाणी गाळून परत वापरायची सोय आधी बघा. आणि परत वापरलेलं पाणी नीट गाळलं नाही तर तीच वाळू ब्रशबरोबर पुढच्या गाडीवर जाते. इथे धंद्याचा आणि रंगाचा प्रश्न एकच होतो. तेलमिश्रित पाणी उघड्यावर सोडणं १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात अडकवू शकतं, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि ग्रामपंचायतीचं ना-हरकत याची चौकशी सुरुवातीलाच करा.

मशीन जुनं असेल तर ब्रश कोणत्या मटेरियलचा आहे, नवीन पट्ट्या मिळतात का, मेकॅनिक किती तासांत पोहोचतो, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर स्वस्त मशीन सगळ्यात महाग पडतं.

छोटी सुरुवात करायची असेल तर प्रेशर पंप, फोम गन, टाकी, व्हॅक्युम आणि चांगली कापडं एवढ्यावर भागतं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, एजंटाला नाही.

त्या मुलाचं काय झालं?

मी त्याला एकच काम दिलं. चार दिवस वही घेऊन रस्त्याच्या कडेला बस, सकाळ ते संध्याकाळ, आणि कोणत्या गाड्या जातात ते लिही. त्यातली एक दिवस बाजाराचा पाहिजे.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "भाऊ, मोटारसायकल आणि ट्रॅक्टरच जास्त हायेत. कार थोड्या, आणि त्यातल्या निम्म्या सरळ पुढं जायल्यात." जमिनीचं कर्ज त्याने काढलं नाही. पंप आणि फोम गनचं कोटेशन घेतलंय, बोअरच्या पाण्याची तपासणी करायला दिलीय. अजून सुरू व्हायचंय.

तेव्हा उद्या गिऱ्हाइकाने तुम्हाला विचारलं, "मशीनने रंग जातो का?" तर सरळ सांगा: माती न काढता घासलं तर मशीननेही जातो आणि हातानेही जातो. मग त्याला तुमच्या दोन बादल्या दाखवा.

तुमच्या गावातल्या रस्त्यावर चार दिवस मोजून बघा आणि आकडे मला कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण त्याच आकड्यांवरून दर कसे ठरवायचे ते बघू. भेटू.